घोडी पावली, पाटील कुठे गेले?

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझं माहेर तुळजापूर तालुक्यात, सासर लातूरला. माहेरी मुलकी, म्हणजे सारावसुलीची, पाटीलकी होती. माझे खापरपणजोबा वसुलाचा भरणा घेऊन नळदुर्गाला निघाले ते परत आलेच नाहीत. घोडी तेवढी रिकाम्या जिनानं दारात येऊन उभी राहिली, असं आजी सांगायची. पणजोबा तेव्हा मांडीवर होते. आमच्या पातीत सांगतात की वाटेत रोहिल्यांनी मारलं. धाकट्या पातीत, म्हणजे त्यांच्या भावाच्या वंशात, सांगतात की सरकारी पैसा घेऊन पळाले. पाटीलकी मग तिकडे गेली ती शेवटपर्यंत तिकडेच राहिली. एक चुलते म्हणतात, काशीला जाऊन संन्यास घेतला. आणि आता पुतण्या म्हणतो की ते १८५७च्या बंडात गेले. खापरपणजीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. पितृपंधरवड्यात नवमीला तिच्या नावानं आम्ही अजून सवाष्ण जेवू घालतो. ‘सोलापुरास आगगाडी आली त्या वक्ताची गोष्ट’ असं आजी म्हणायची. जुन्या ट्रंकेत एक मोडी कागद सापडला. वाचणाऱ्यानं एवढंच लावून दिलं: ‘सन १२७१ … घोडी कुमेद एक, जिनासुद्धा, पावली.’ दिवाळीला कुलवृत्तांत छापायचा आहे. भाऊ म्हणतात, ‘१८५७चे हुतात्मे’ असं छापू. धाकटी पाती म्हणते, तसं छापलं तर आमची वर्गणी परत द्या. खरं काय ते कसं शोधायचं?
– माहेरच्या कागदात अडकलेली एक लेक

उत्तर:

ताई,

आधी भावांना सांगा, ते हुतात्म्याचं पान थांबवा. त्यांचा अभिमान खोटा नाही, पण तुमच्याच ट्रंकेतला कागद त्याच्या आड येतो.

‘सन १२७१’ हा आकडा नीट बघा. आपल्याकडच्या जुन्या कागदात नुसतं ‘सन’ लिहिलेलं असलं की ते तीन वेगवेगळ्या गणनांपैकी कुठलंही असू शकतं. निजामाच्या मुलखात शेतसाऱ्याचा सगळा कारभार फसली सनावर चाले. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतं, म्हणजे १८६१-६२. हाच आकडा हिजरी धरला तर १८५४-५५ येतं. आणि जुन्या मराठी दफ्तरातला शुहूर सन धरला तर १८७०-७१. तिन्ही हिशेबांनी १८५७ येत नाही. एका हिशेबानं घोडी बंडाच्या दोन वर्षं आधी परत आलेली आहे, दुसऱ्यानं चार वर्षं नंतर, तिसऱ्यानं तेरा वर्षं नंतर. पुतण्याला रागावू नका. त्या पिढीला पूर्वज शोधायची ओढ लागली हेच मोठं आहे. त्याला हा हिशेब करायला बसवा, त्याचं त्यालाच दिसेल.

आता तिन्हीतलं कुठलं? इथं आजीचं वाक्य कामाला येतं. ते तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात, पण मला ते फार मोलाचं वाटतं. पुण्याकडून येणारा जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा, लोहमार्ग सोलापूरला पोचला १८६० साली. पुढं गुलबर्ग्याकडे तो १८७०च्या सुमारास सरकला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रुळांना मिळाला. म्हणजे १८५४-५५ बाद. त्या साली सोलापूरच्या लोकांनी आगगाडी पाहिलेलीसुद्धा नव्हती. उरतात दोन. शुहूर सन बहुधा अंकात लिहीत नसत, अरबी संख्याशब्दांत लिहीत. १२७१ असतं तर ‘इहिदे सबैन मयातैन व अलफ’ असं काहीतरी दिसलं असतं. तुमच्या कागदात अंक आहेत, गाव निजामाचं आहे, घर मुलकी पाटलाचं आहे. माझा कौल १८६१-६२ ला. मात्र कागदावर तिथी आणि वार दोन्ही असतील तर कौलावर थांबायची गरज नाही. जंत्रीत बघून त्या तिथीला तोच वार त्या साली पडतो का, हे तासाभरात ताडता येतं. महिना मोहरम, सफर असा निघाला तर मात्र हिजरीचा विचार पुन्हा करावा लागेल.

साल एवढं घोळून सांगतोय कारण नळदुर्गाच्या बाबतीत सालावरून दफ्तर बदलतं. १८५३च्या तहात कंटिन्जंट फौजेच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, खर्चापोटी निजामानं वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला हा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. त्या काळात नळदुर्गाला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कारभार बघत होता. त्याचं आत्मचरित्र १८७७ साली छापलं गेलं. त्यात त्या वर्षांतल्या या भागाचं वर्णन आहे, तुमच्या वृत्तांताच्या पार्श्वभूमीसाठी ते जरूर वाचा. मग १८६०च्या अखेरीस नवा तह झाला आणि नळदुर्ग निजामाला परत मिळाला. म्हणजे तुमचे खापरपणजोबा भरणा घेऊन निघाले ते साल, १८६१-६२ खरं असेल तर, राज्य बदलल्यानंतरचं अगदी पहिलं किंवा दुसरं साल. सात वर्षं इंग्रजांच्या कचेरीत साऱ्याचा हिशेब दिलेला. आता पुन्हा हैदराबादचा अंमल, नवे अधिकारी, मागची बाकी कुणाच्या नावावर हा घोळ. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी तालुकदार नेमून जिल्हाबंदी पक्की केली ती त्यानंतर, १८६५ मध्ये. घरी हे कुणी सांगितलं नसेल, पण अशा सांध्याच्या सालात मुलकी पाटलाच्या मानेवर काय ओझं असेल याचा विचार शोध घेताना मनात असू द्या.

आता घोडी.

आजीच्या गोष्टीत घोडी आपली आपण दारात आली. कागदात घोडी ‘पावली’, म्हणजे मिळाली. आपल्या पायानं घरी आलेल्या जनावराची पावती कुणी लिहीत नाही, ताई. रंग लिहिला आहे, कुमेद. नग लिहिला आहे, एक. जीन सोबत होतं हेही लिहिलं आहे. ही भाषा सोपवलेल्या मालाची आहे. म्हणजे ती घोडी मधे कुणाच्या तरी ताब्यात होती आणि त्यानं ती लेखी पोचवली. आजीची गोष्ट खोटी ठरते असं मी म्हणत नाही. घरातल्या बाईला दारात रिकामं जीन दिसलं, तिनं तेच सांगितलं, पुढच्यांनी तेच धरून ठेवलं. घोडीचा लगाम धरून आलेला माणूस गोष्टीतून गळून गेला. त्याला शोधायचं आहे.

आणि हा माणूस तुमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींना प्रश्न विचारतो. पैशासाठी मारणारे लुटारू जिनासकट उभं जनावर मागं का ठेवतील? चांगली घोडी म्हणजे चालती रोकड होती. पैसा घेऊन पळणारा माणूस घोडी का सोडेल, आणि सोडली तर ती घरी परत जाईल अशी व्यवस्था का करेल? त्याला ती सोलापूरच्या बाजारात विकता आली असती. हं, एक शक्यता उरते: नळदुर्गापासून सोलापूर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, इंग्रजी हद्दीत, आणि तिथं नुकतीच आगगाडी आलेली. ज्याला नाहीसं व्हायचं आहे त्याला घोडी कुणाच्या हवाली करून गाडीत बसणं शक्य झालं होतं. आधीच्या कुठल्याही पिढीला ते शक्य नव्हतं. धाकट्या पातीची गोष्ट यामुळं सिद्ध होत नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखीही राहत नाही.

तुमच्या पत्रात न आलेली आणखी एक गोष्ट मला घोडीच्या पावतीशी सगळ्यात जास्त जुळते, ती म्हणजे पटकी, आजचा कॉलरा. एकोणिसाव्या शतकात तुळजापूर-पंढरपूरच्या यात्रांच्या वाटांवर पटकीची साथ पुन्हा पुन्हा येई. सकाळी बरा असलेला माणूस रात्री जाई, आणि परक्या गावात मेला तर गावकरी भीतीनं झटपट उरकून टाकत. मग मागं राहिलेलं जनावर आणि सामान त्या गावचा पाटील कचेरीत कळवी आणि पावती घेऊन वारसाकडे पाठवी. असंच घडलं असं मी म्हणत नाही. पण ‘मारलं’ आणि ‘पळाले’ यांच्या भांडणात ‘वाटेत आजारी पडून गेले’ हा साधा पर्याय कुणी कधी तपासलाच नाही. कारण त्यात कुणाचा मान नाही आणि कुणावर डागही नाही.

म्हणून पहिलं काम तो कागद पूर्ण वाचून घेणं. मोडी जाणणारे आज पूर्वीपेक्षा सहज सापडतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, आणि २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झाल्यावर प्रत्येक जिल्ह्यात मोडी वाचकांना मागणी आली. दुसऱ्या एखाद्याला दाखवा. वाचणाऱ्याला सारांश विचारू नका, शब्दाला शब्द लिहून मागा, आणि जे लागत नाही तिथं रिकामी जागा सोडायला सांगा. विशेष करून चार गोष्टी शोधायला सांगा: कागद कुठल्या गावी लिहिला, घोडी कुणाकडून आली, कुणाच्या हाती दिली, साक्ष कुणाची. ‘हाती’ याच्या पुढचं नाव भावाचं आहे की खापरपणजीचं, यावर फार काही अवलंबून आहे. कागद उलटून पाठीमागेही बघा. शेरा, शिक्का, तारीख बहुतेक वेळा पाठीवर असते आणि घरचे लोक पाठ बघतच नाहीत. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. ट्रंकेत डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नका, सुती कापडात सपाट ठेवा.

आता नवमीबद्दल. पत्रात तुम्ही एका ओळीत सांगितलंत, मी तिथंच सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी. नवरा हयात असताना गेलेल्या बाईची ती तिथी. तुमच्या घराण्यानं खापरपणजीला त्या दिवशी बसवलं, म्हणजे ती गेली तेव्हा घरानं तिला सौभाग्यवती मानलं. कितीतरी घरांत पुढं नवरा वारला की नवमी बंद करतात. तुमच्याकडे ती बंद झालीच नाही, कारण बंद करायला लागणारी बातमी त्या घरी कधी पोचलीच नाही. ज्या माणसाचा पत्ता नाही त्याच्यासाठी शास्त्रात सोय आहे. बारा वर्षं वाट बघून पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि पालाशविधीनं अंत्यसंस्कार करतात. तो झाला असता तर बाईला वैधव्य घ्यावं लागलं असतं. म्हणजे तो झाला नाही, किंवा तिनं तो मानला नाही. त्या घटनेच्या वेळी घरात हजर असलेल्या माणसांपैकी आज साक्ष उरली आहे ती फक्त तिची, आणि ती तिनं कपाळावर वागवली.

इथून पुढं एक काम तुम्हीच करू शकता, भाऊ नाहीत. तुम्ही दोन्ही पात्यांची लेक आहात, माहेरवाशिणीला दोन्ही चुलींपुढे पाट मिळतो. दोन्हीकडच्या वयस्कर सुना-सासवांना विचारा, पितृपंधरवड्यात त्या पुरुषाचं पान कुठल्या दिवशी वाढतात? प्रत्येक दिवसाला अर्थ आहे. शस्त्रानं मेलेल्याचं श्राद्ध चतुर्दशीला, म्हणून तिला घातचतुर्दशी म्हणतात. संन्यास घेतलेल्याचं द्वादशीला. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला. पान वाढतच नसतील तर तेही उत्तर आहे. तोंडी गोष्ट पिढीगणिक बदलते, सांगणाऱ्याच्या मनासारखी होते. स्वयंपाकघरातला दिवस बदलायला कुणी सहसा धजत नाही, आजेसासूनं घालून दिला तसाच चालतो. तुमच्या पातीत ‘रोहिल्यांनी मारलं’ म्हणतात आणि पान अमावास्येला पडत असेल, तर मारल्याची गोष्ट मागाहून आली असं समजायला जागा आहे. चुलत्यांचा संन्यास खरा असेल तर कुठंतरी द्वादशी सापडली पाहिजे. आणि देवघरातले टाकही उतरवून बघा. अवचित किंवा हत्यारानं गेलेल्या पूर्वजाचा वीर म्हणून टाक बसवायची रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. असला तर कुठल्या पातीच्या देव्हाऱ्यात आहे हे महत्त्वाचं. धाकट्या पातीकडे निघाला तर ‘पळाले’ ही गोष्ट त्यांच्याच देवघरात टिकणार नाही.

ही चौकशी करताना आधी आपली गोष्ट सांगू नका. ‘रोहिल्यांनी मारलं ना हो?’ असं विचारलं की समोरची म्हातारी ‘हो बाई’ म्हणते, आणि पुरावा तिथंच संपतो.

आता कागदांकडे वळू. नाहीसा झालेला माणूस स्वतः कागद ठेवत नाही. पण त्याची जागा रिकामी झाली की सरकारला ती भरावी लागते आणि तिचा कागद होतोच. पाटीलकी हे वतन होतं. वतनदार गेला की वारस कोण याची चौकशी होई, तिला विरासत म्हणत. पुढं इनामांच्या चौकशीत जे निवाडे झाले त्यांचे मुंतखब, म्हणजे निवाड्याचे अधिकृत कागद, निघाले. त्यांत वतन कुणाकडून कुणाकडे आलं हे बरेचदा पिढ्यांसकट लिहिलेलं असतं. तुमच्या घरात वतन भावाकडे गेलं. का गेलं याचं कारण त्या विरासतीत एका शब्दात असणार: ‘फौत’ म्हणजे मृत, ‘फरार’ म्हणजे पळून गेलेला, किंवा ‘मफकूद-उल-खबर’ म्हणजे ज्याची खबरबात नाही असा. तुमच्या सगळ्या भांडणाचं उत्तर, निदान त्या वेळच्या सरकारनं मानलेलं उत्तर, त्या शब्दात आहे. मुलगा मांडीवर असताना भावाला पाटीलकी स्वतःच्या हक्कानं दिली की अज्ञान मुलाच्या वतीनं चालवायला दिली, हेही तिथं कळेल. तसं असेल तर खापरपणजीच्या कुंकवाला आणखी एक अर्थ येतो. नवरा मेला असं तिनं कबूल केलं नाही तोवर तिच्या मुलाचा हक्क मिटला असंही कुणाला म्हणता येत नव्हतं. हा माझा अंदाज आहे, छापू नका. पण त्या बाईला नुसती वाट बघणारी समजू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो.

शोध घराजवळून सुरू करा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुनं सेतवार, खासरा आणि पाहणी पत्रकं, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी, मागा. ती त्या घटनेनंतरची आहेत, पण जमीन दोन पात्यांत कशी वाटली गेली ते दाखवतील. धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयात वतन-इनामाची जुनी प्रकरणं ‘अतियात’ या नावाखाली विचारा. वतन म्हणून विचारलंत तर कारकून कदाचित नाही म्हणेल. छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेखागाराची शाखा आहे. तिथून पुढची वाट हैदराबादला, तारनाक्याच्या तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात जाते, निजामाच्या दिवाणी दफ्तरांचा मोठा साठा तिथंच आहे. लक्षात असू द्या, गावपातळीवर मोडी मराठी चालली तरी वरच्या कचेऱ्यांत १८८०च्या दशकापर्यंत फारसी होती, त्यानंतर उर्दू. १८६१चा कागद फारसीत, आणि तीही घसट्या शिकस्ता लिपीत असण्याचा संभव आहे. ती वाचणारा माणूस आधी गाठा, मगच हैदराबादचं तिकीट काढा. अर्जात गावाचं जुनं नाव, परगणा, वतनाचा प्रकार, आणि साल म्हणून फसली १२७० ते १२८५ लिहा. विरासतीची प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळत. बारा वर्षांचा नियम धरला तर १२८३च्या आसपास पुन्हा काहीतरी हालचाल झाली असणार.

सोलापूर जिल्हा इंग्रजी हद्दीत होता. सरहद्द ओलांडून होणाऱ्या दरोड्यांचा, फरारींचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या दफ्तरात जाई, तो मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. निजामाच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचे आणि ठगी-डकैती खात्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. हे काम पुतण्याला द्या. नळदुर्गचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळी पाच-सहा तऱ्हांनी करत, सगळी घालून बघायला सांगा. पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होतं. सरकारी भरणा लुटला गेला असता तर त्याची बातमी होण्याजोगी होती. मुलकी पाटील पटकीनं वारला तर बातमी झाली नसती. न सापडण्यालाही थोडं वजन असतं, पण थोडंच.

काशीच्या गोष्टीसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथं तुमच्या भागाचे उपाध्ये कोण ते विचारा. ‘तुमचे खापरपणजोबा इथं आले होते का’ हा प्रश्न तर विचाराच. त्याहून उपयोगी प्रश्न असा की तुमचे पणजोबा, तो मांडीवरचा मुलगा, मोठेपणी कधी गेले आणि पिंडदानात वडिलांचं नाव घेतलं का? मुलानं गयेला वडिलांना पिंड दिला असेल तर त्या दिवशी त्यानं त्यांना गेलेलं मानलं. तो दिवस तारखेनिशी वहीत असतो.

रोहिल्यांविषयी दोन शब्द. निजामाच्या राज्यात त्या शतकाच्या मध्याला रोहिले, म्हणजे पठाण, आणि अरब शिपाई जमीनदार-सावकारांच्या पदरी होते, वसुलीला जात, आणि त्यांच्या टोळ्यांनी गावं लुटल्याच्या घटना खऱ्या आहेत. पण मराठवाड्यातल्या घरोघरच्या आठवणीत वाटेत मेलेला जवळजवळ प्रत्येक पूर्वज रोहिल्यांच्याच हातून मेलेला असतो. त्यात १९४८च्या आधीची रझाकारांची भीती ज्यांनी अंगावर काढली, त्यांनी आजीच्या गोष्टी सांगताना दोन काळ नकळत एकत्र केले. तुमच्या पातीत ही गोष्ट सगळ्यात आधी कुणाच्या तोंडून ऐकली, आणि सांगणाऱ्याचा जन्म कधीचा, ते टिपून ठेवा. पुरावा नसताना एका अख्ख्या जमातीवर खून छापील शब्दांत टाकणं बरोबर नाही, घरच्या पुस्तकातसुद्धा.

आणखी एक घर राहिलं. पाटील वसुलाची रक्कम घेऊन एकटा जात नसे. भरणा कचेरीत पोचवायला सोबत महार वतनदार असत, ते त्यांचं गावकामच होतं. मग त्या दिवशी सोबत कोण होतं, आणि त्यांचं काय झालं? दीडशे वर्षांत तुमच्या एकाही पातीनं हा प्रश्न विचारलेला पत्रावरून दिसत नाही. ते परत आले असतील तर काय घडलं ते त्यांना माहीत होतं. तेही आले नसतील तर त्या घरातही एक कुणीतरी वाट बघत राहिली. त्यांच्या वंशजांकडे जा, आदरानं जा, आणि त्यांच्याकडून जे कळेल ते त्यांच्या नावानं आणि त्यांच्या परवानगीनं छापा.

धाकट्या पातीचं आता सांगतो, कारण तुमचं खरं दुखणं तिथं आहे. ‘वतन मिळावं म्हणून त्यांनीच फरारीची गोष्ट उठवली’ असा संशय तुमच्या पत्राच्या ओळींमधून दिसतो. असेलही. पण दुसरी बाजू बघा. भरणा कचेरीत पोचला नसेल तर गावाची बाकी माफ झाली नसणार, ती कुणीतरी भरली. बहुधा त्याच धाकट्या भावानं, जमीन गहाण टाकून, सावकाराचं कर्ज काढून. पोरकं पोर आणि कुंकू लावलेली भावजय त्याच वाड्यात होती. त्याच्या वंशात ‘ते पळाले’ ही गोष्ट कडवटपणे टिकली असेल तर त्या कडवटपणाला कारण असू शकतं. त्यांच्याकडे जुनी गहाणखतं आहेत का विचारा. १८६१ ते १८६५ मधलं एक जरी निघालं, तरी तो कागद तुमच्या वृत्तांतात तुमच्या घोडीच्या कागदाशेजारी छापा, आणि त्या भावाबद्दल चार चांगले शब्द लिहा. वर्गणीचा प्रश्न मग उरेल असं मला वाटत नाही.

दिवाळीपर्यंत हे सगळं होणार नाही. विरासतीचा कागद मिळायला वर्ष लागेल, कदाचित मिळणारही नाही. वृत्तांत त्यासाठी अडवून ठेवू नका. त्या पानावर सध्या एवढं छापा: ‘फसली सन १२७१ (अंदाजे इसवी १८६१-६२) च्या सुमारास वसुलाचा भरणा घेऊन नळदुर्गाकडे गेले, परत आले नाहीत. त्यांची घोडी जिनासह कुटुंबास लेखी पोचवण्यात आली (कागदाचा फोटो सोबत). पुढे काय झाले याविषयी घराण्यात वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, त्या सांगणाऱ्यांच्या नावांसह खाली दिल्या आहेत. पत्नीने अखेरपर्यंत त्यांना हयात मानले. पाटीलकी धाकट्या बंधूंनी चालवली.’ खाली दोन बोटं जागा कोरी सोडा आणि दोन्ही पात्यांतल्या थोरल्या माणसांच्या सह्या घ्या. मोडी कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. पाठीवर शेरा असेल तर कुठल्या कचेरीचा आहे ते बघून पुढच्या उत्तरात सांगतो.